लोड नसतानाही बक कन्व्हर्टर ८ मिलिअँप खातोय

बॅटरीवरच्या सेन्सरला एलएम२५९६ आयसीचं तयार बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं) मॉड्यूल लावलंय, १२ चे ५ व्होल्ट, आउटपुटला काहीच जोडलं नाही तरी मीटर ८ मिलिअँप दाखवतो, बॅटरी अशीच बसते. काय करू?

— आधी बोर्डावरचा एलईडी काढ, तोच एकदीड मिलिअँप पितो. बाकी त्या आयसीचा स्वतःचाच खर्च साधारण ५ मिलिअँप, तो कमी होत नाही.

— फीडबॅकचे (आउटपुट व्होल्टेज आयसीला कळवणारे) रेझिस्टरही बघ, एकूण ५ किलोओहम असतील तर ५ व्होल्टवर १ मिलिअँप फुकट जातो. पण उगाच मेगाओहमात जाऊ नकोस, नॉइज उचलतो.

— खरं तर आयसीच बदल भाऊ, हलक्या लोडला पल्स गाळणारा (गरज नसेल तेव्हा स्विचिंग थांबवणारा) घे, त्यात मायक्रोअँपवर भागतं.

— एलईडी काढला, साडेसहावर आलं! आयसी बदलतोच आता.