बायोप्सीचा रिपोर्ट लांबला म्हणजे कॅन्सरच समजायचं का?

मेघमल्हार: आईच्या स्तनातल्या गाठीची कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढणं) झाली आहे. मॅमोग्राफीवर ‘बायरॅड्स ४बी’ (कॅन्सरच्या संशयाची श्रेणी) लिहिलंय. डॉक्टर एवढंच म्हणाले, “रिपोर्ट येऊ दे, मग बोलू.” आता लॅबमधून कळलं की नमुना आयएचसीला (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगाने दाखवणारी तपासणी) लावलाय, अजून वेळ लागेल. काही लपवतायत का? नेमकं काय विचारू?

सूक्ष्मदर्शी: उशिरावरून निदान काढू नका. स्तनाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) किमान ६ तास ठेवावा लागतो, ७२ तासांच्या वर नाही. घाई केली तर आतला भाग कच्चा राहतो आणि पुढच्या रिसेप्टर तपासण्या (कोणते उपचार लागू पडतील ते सांगणाऱ्या) चुकू शकतात. मग अल्कोहोल, झायलीन, मेण. मेणाच्या ठोकळ्यातून ३ ते ५ मायक्रॉनचे काप काढून रंगवायचे, मग वाचायचे.

आयएचसी मुख्यतः दोन कारणांनी लावतात. साध्या रंगात चित्र स्पष्ट नसेल, तर पी६३सारख्या मार्करने ग्रंथीभोवतीचा मायोएपिथेलियल पेशींचा थर शाबूत आहे का ते बघतात. काही साध्या गाठीही कॅन्सरसारख्या दिसतात, त्या इथे वेगळ्या काढता येतात. दुसरं कारण म्हणजे कॅन्सर नक्की झाल्यावर उपचार ठरवायला ईआर, पीआर, हर-२ हे रिसेप्टर बघणं. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: “आयएचसी निदानासाठी आहे की उपचार ठरवण्यासाठी?” लॅबच्या काउंटरवर हे विचारू नका, तिथल्या माणसाला उत्तर देण्याचा अधिकार नसतो. हर-२ ‘२ प्लस’ (संदिग्ध) आलं तर फिश ही जनुकाची तपासणी लागते, म्हणजे आणखी काही दिवस.

क्षकिरण: ४बी म्हणजे कॅन्सरची शक्यता १० ते ५० टक्के. हा आकडा बायोप्सीआधीच सांगायला हवा होता. आकड्याशिवाय “बघू” म्हटलं की घरचे लोक सगळ्यात वाईट तेच धरून बसतात.
रिपोर्ट साधा आला तरी एक प्रश्न राहतो: “इमेजिंगशी (मॅमोग्राफीच्या चित्राशी) जुळतो का?” सुई गाठीच्या बाजूला लागली असेल, तर नमुना निर्दोष दिसतो आणि गाठ तशीच राहते. जुळत नसेल तर पुन्हा बायोप्सी करावी लागते.

चाफा: वाईट बातमी कशी सांगावी याची ‘स्पाइक्स’ ही सहा टप्प्यांची पद्धत २००० साली मांडली गेली. त्यात आधी निवांत, खाजगी जागा, मग रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचंय हे विचारणं, आणि त्यानंतरच निदान. तेव्हा आईलाच आत्ता विचारा, तिला किती ऐकायचंय. “तिला सांगू नका” असं परस्पर डॉक्टरांना सांगू नका, कारण निर्णय तिच्या शरीराचा आहे.

डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्या: रिपोर्ट साधारण कधी, कोण सांगणार, फोनवर की समोर, आणि त्या तारखेला नाही आला तर फोन कुणाला करायचा. भेटीला दोघी जा, एकीने लिहून घ्या. ‘कॅन्सर’ शब्द कानावर पडला की पुढचं बरंच डोक्यात शिरत नाही.

मेघमल्हार: रिपोर्ट आधी मोबाइलवरच आला तर?

सूक्ष्मदर्शी: उघडलात तर शेवटचा निदानाचा परिच्छेद वाचा, मधलं वर्णन नको. ‘एटिपिकल’ (पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या) म्हणजे कॅन्सर नव्हे, पण अनेकदा त्या जागेचा मोठा तुकडा काढून तपासावा लागतो. ‘नमुना अपुरा’ म्हणजे निर्दोष नव्हे, बायोप्सी परत. दुसरं मत घ्यायचं असेल तर कागदाबरोबर स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या.