नुसतं आय५ बघून लॅपटॉप ठरवू नका
एका लॅपटॉपचं कौतुक करताना कोणी म्हटलंय की बॉडी मेटलची, वजन कमी, आत बाराव्या पिढीचा आय५ (इंटेलचा प्रोसेसर), मग परफॉर्मन्सला बघायलाच नको. दिसायला देखणा आहे यात वादच नाही, पण आय५ हे नुसतं आडनाव झालं हो, पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर बघा. उदाहरणार्थ आय५-१२३५यू मध्ये १० कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) असले तरी दमदार फक्त २, बाकी ८ वीज वाचवणारे, आणि बेस पॉवर, म्हणजे सतत काम करतानाची वीज, १५ वॅट. त्याच पिढीतला १२४०पी २८ वॅटचा, १२४५०एच तर ४५चा. आता यूवाला टर्बोत (जोर वाढवून) ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो पण थोडाच वेळ, पातळ बॉडीत एकच छोटा फॅन असला की गरम होऊन क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली येतो, म्हणून सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) एकदा चालवून स्कोअर टाकण्यात अर्थ नाही, १० मिनिटं लूपवर लावा नि शेवटचा आकडा बघा, आणि एकदा चार्जर काढूनही, तिथे भल्याभल्यांची हवा जाते.

रॅमचं कोणी बोललंच नाही. ८ जीबीची एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल (डेटाला एकच वाट), मग आयरिस एक्सई, म्हणजे इंटेलचं जास्त ताकदीचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असूनही विंडोजमध्ये नुसतं यूएचडी ग्राफिक्स दिसतं आणि गेममध्ये फ्रेम्स पडतात. स्लॉट रिकामा असेल तर तेवढीच अजून एक टाका, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे न बदलता येणारी असेल तर घेतानाच १६ घ्या.

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) असली की पुरे. स्क्रीनपुढे ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याचं माप) लिहिलं असेल तर मात्र फोटो एडिटिंगचा विचार सोडा, लालभडक रंगसुद्धा विटकरी दिसतो.