नळीत गोठणारं रक्त शिरेत का गोठत नाही?

बिबवेवाडीकर: काल सिंहगड रोडवरच्या एका लॅबमध्ये आईला रक्त द्यायला घेऊन गेलो होतो. लॅबमधल्या ताईंनी जांभळ्या टोपणाची नळी हलकेच उलटसुलट केली, लाल टोपणाची स्टँडला लावली. थोड्या वेळाने बघतो तर लाल टोपणाच्या नळीतलं रक्त जेलीसारखं घट्ट! ताई म्हणाल्या, जांभळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. मग शिरांमध्ये कुठलं औषध आहे?

पेठेतला: रक्त सतत वाहतं ना, म्हणून.

शरीरक्रिया: वाहणं हवंच, पण तेवढ्यानं भागत नाही. मी मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. तो नुसतं अस्तर नाही. तो नायट्रिक ऑक्साइड (रक्तवाहिन्यांमधल्या याच्या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं) आणि प्रोस्टासायक्लिन सोडत राहतो, त्यामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. पण खरी कमाल या पेशींवरच्या थ्रॉम्बोमोड्युलिन नावाच्या प्रथिनाची. रक्त गोठवणारं मुख्य एन्झाइम म्हणजे थ्रॉम्बिन. ते या पेशींवरच्या थ्रॉम्बोमोड्युलिनला चिकटलं की गुठळीचे धागे विणायचं सोडून रक्तातलं प्रोटीन सी नावाचं प्रथिन जागं करतं. प्रोटीन सी मग फॅक्टर ५ आणि ८ ही रक्त गोठायला मदत करणारी प्रथिनं मोडून टाकतं. गोठवणारंच गोठणं थांबवायला लागतं! नळीत हे अस्तरच नाही. उलट काच स्वतःच गोठण्याची साखळी सुरू करते.

बिबवेवाडीकर: आणि भाजी चिरताना बोट कापलं तर?

शरीरक्रिया: तिथे अस्तर फाटतं, खालचं कोलॅजन (धाग्यांसारखं प्रथिन) उघडं पडतं. याच पेशींनी साठवून ठेवलेला व्हॉन विलब्रँड फॅक्टर हा प्रथिनाचा 'गोंद' प्लेटलेट्सना तिथे धरून ठेवतो. शेजारचं धड अस्तर मात्र गुठळी पुढे पसरू देत नाही.

पेठेतला: बाबांना अँजिओप्लास्टीनंतर ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन दिलीय. एवढीशी पुरते?

शरीरक्रिया: पुरते. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटवणारा पदार्थ बनवायला लागणारं प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ७ ते १० दिवसांच्या तिच्या आयुष्यात ते पुन्हा बनत नाही. अस्तरपेशीलाही प्रोस्टासायक्लिन बनवायला असंच एन्झाइम लागतं, पण तिला केंद्रक असतं, ती नवं बनवते आणि प्रोस्टासायक्लिन चालू राहतं. म्हणून डोस लहान ठेवतात. बाबांना सांगा, उद्या दात काढायचा असला तरी गोळी परस्पर बंद करायची नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.