तेलगळती आणि शेजारी देश: आधी करार की आधी स्वतःची तयारी?

सुकाणू
एका मित्राशी बरेच दिवस वाद चालू आहे, तो इथे मांडतो. तो म्हणतो, तेलगळती झाली की ज्याचा किनारा त्याने सांभाळावा, शेजाऱ्यांच्या भरवशावर राहू नये. मला हे अजिबात पटत नाही.

२००२ मधलं 'प्रेस्टिज' घ्या. नोव्हेंबरच्या वादळात स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्याजवळ या टँकरची टाकी फाटली. त्याला आसरा द्यायच्या ऐवजी स्पेनने त्याला किनाऱ्यापासून दूर न्यायला लावलं. पोर्तुगालनेही जवळ येऊ दिलं नाही. सहा दिवस ते फुटलेलं जहाज भर समुद्रात ओढलं जात होतं, मग दोन तुकडे होऊन बुडालं. ६०,००० टनांहून जास्त जड तेल सांडलं आणि फ्रान्सपर्यंत पोचलं. प्रत्येक जण आपापला किनारा वाचवत होता, आणि त्यातून कोणाचाच वाचला नाही.

२०२१ मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल'वर नायट्रिक ॲसिडचा कंटेनर गळत होता, हे जहाजावर माहीत होतं. कतारमधल्या हमाद आणि भारतातल्या हझिरा, दोन्ही बंदरांत तो उतरवला गेला नाही. पुढे कोलंबोबाहेर जहाज पेटलं आणि श्रीलंकेच्या वाळूत प्लास्टिकच्या दाण्यांचे थर साचले.

म्हणून माझं म्हणणं असं: अडचणीतलं जहाज कुठे आणायचं आणि ते कोण ठरवणार, हे शेजाऱ्यांनी आधी बसून लिहून ठेवलं पाहिजे. त्या रात्री फोनवर ते ठरत नाही.

भरतीची_वेळ
आसऱ्याचा मुद्दा मान्य. पण दादा, तेल करार वाचून थांबत नाही. सांडल्यावर हलका भाग उडून जातो, लाटा उरलेल्यात पाणी घुसळतात, आणि थोड्याच वेळात तपकिरी, चिकट लगदा तयार होतो. आकार मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट. मग डिस्पर्संट (तेलाचे बारीक थेंब करणारं रसायन) फवारून उपयोग नाही, पंपही तो नीट ओढत नाही. हे कधी काही तासांत होतं, कधी दोन-तीन दिवसांत. शेजाऱ्याचं जहाज तोवर निघालेलंही नसतं. अनुकूल हवेतसुद्धा समुद्रावरून क्वचितच १०-१५ टक्क्यांहून जास्त तेल परत मिळतं. त्यातला पहिला दिवस गेला तर काय उरलं?

मॉरिशसला २०२० मध्ये 'वाकाशियो' जहाजाच्या गळतीच्या वेळी लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून रात्रंदिवस बूम, म्हणजे तेल अडवणारे तरंगते बांध, शिवले. फ्रान्स, जपान, भारत, सगळ्यांची मदत आली. पण काळं पाणी प्रवाळात शिरलं तेव्हा तिथे फक्त पाचटच होतं. पैसा आधी तिथे जावा, त्या लोकांच्या हातात.

सुकाणू
ताई, हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. 'वाकाशियो' २५ जुलैला प्रवाळावर चढलं, तेल ६ ऑगस्टला गळायला लागलं. मध्ये १२ दिवस होते! फ्रान्सचं रियुनियन बेट सव्वादोनशे किलोमीटरवर. जहाज रुतलं त्याच दिवशी शेजाऱ्यांचं सामान हलवायचं, असं आधी ठरलेलं असतं, तर गळतीच्या आधी बूम पाण्यात असते. आणि छोट्या बेटाने मोठा साठा एकट्याने वर्षानुवर्षं पोसायचा कसा? बूम उन्हात पडून तडकतात, पंपांची इंजिनं महिनोन्‌महिने चालवली नाहीत तर ऐन वेळी सुरू होत नाहीत.

गोदीतला
मी दोन देशांच्या एकत्र सरावात होतो, तिथे पाहिलेलं सांगतो. तेलाऐवजी संत्री सोडली होती, कारण ती तेलासारखी वाहत जातात आणि दिसतात. त्यांचा बूम आणि आमचा बूम जोडायला गेलो, तर टोकांच्या जोडण्या वेगळ्या. बसेचनात. शेवटी दोरीने आवळून बांधले. भरती फिरली तशी मध्ये हातभर फट पडली, आणि एकामागून एक संत्रं त्या फटीतून शांतपणे निघून गेलं. बोटीवर कोणी काही बोललं नाही. करार झालेला होता, सह्या होत्या. जोडणी कोणी विचारली नव्हती.

हिशेबनीस
पण नवा करार कशाला? १९९० चा ओपीआरसी, म्हणजे तेलगळतीची तयारी आणि परस्पर मदत यांचा आंतरराष्ट्रीय करार आहेच. मदतीची विमानं, जहाजं, माणसं, सामान यांना लवकर येऊ-जाऊ द्यायचं, हे त्यात आहे. खर्चाचंही आहे: मागून घेतलेल्या मदतीचा खर्च मागणाऱ्याने द्यायचा, आपणहून केलेल्या मदतीचा करणाऱ्याने सोसायचा. मला खरी अडचण इथे दिसते. गरीब देश 'मदत पाठवा' असं लेखी द्यायला कचरतो, कारण बिल येणार. जहाजमालकाच्या विम्याकडून भरपाई येते, पण उशिरा, आणि मर्यादेतच. शेजाऱ्यांनी मिळून तेवढ्या काळापुरता उचल देणारा निधी ठेवला तर मी बाजूने. नुसत्या परिषदा असतील तर विरोधात.

निळाई
उत्तर समुद्राचा बॉन करार १९६९ पासून आहे. त्यात समुद्राचे पट्टे वाटलेत, कोणत्या भागावर कोणाची नजर ते ठरलेलं. मला आवडतं ते म्हणजे त्यांनी तवंगाला एक भाषा दिली. रुपेरी झाक म्हणजे चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी म्हणजे ३०० ते ५,०००. धातूसारखी चमक त्याहून जाड. वैमानिक कोणत्याही देशाचा असो, तो रंग सांगतो आणि ऐकणाऱ्याला आकडा कळतो. 'खूप तेल आहे हो' ऐकून किती बोटी पाठवायच्या?

भरतीची_वेळ
बॉन करार चालतो कारण त्या देशांकडे आपापली विमानं आहेत. ज्यांच्याकडे विमानच नाही त्यांना रंगांची यादी देऊन काय होणार?

सुकाणू
नुसती ताकद असूनही चालत नाही. १९६७ मध्ये 'टोरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा ब्रिटनकडे सगळं होतं. विमानांनी बॉम्ब टाकले, किनाऱ्यावर सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतलं, आणि खडकांवरचे जीव तेलापेक्षा त्या डिटर्जंटने जास्त मेले. त्यानंतर दोनच वर्षांत शेजारी देश बॉनला एकत्र बसले. ताकद पुरली असती तर बसले नसते.

भरतीची_वेळ
ठीक. मग करारात एक कलम घाला: जहाज रुतलं की मदतीची विनंती गेली असंच धरायचं, तेल गळो वा न गळो. हिशेबनीसांचा निधी त्याच्या पाठीशी. एवढं असेल तर माझा विरोध नाही. पण पहिल्या रात्रीपुरता साठा आमच्याच बंदरावर हवा, आणि तो वापरायला शिकवलेले कोळी बांधव हवेत. यावर मी मागे हटणार नाही. निदान खाडीचं तोंड बंद करण्याइतका बूम.

गोदीतला
ताई, तोंडाच्या रुंदीएवढा धरू नका. ओहोटीला प्रवाह ०.७ नॉटच्या (ताशी सुमारे १.३ किलोमीटर) वर गेला की आडव्या बूमच्या खालून तेल निसटतं. बूम तिरका टाकून तेल शांत पाण्याकडे वळवावं लागतं, म्हणजे रुंदीच्या दुप्पट तरी लांबी लागेल. आणि जोडणी शेजाऱ्यांची बघून घ्या.