'क्वांटम डॉट'साठी मराठी शब्द: पुंजबिंदू की ठिपका?

प्रश्न (तासगाव):
आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुली 'क्वांटम डॉट अ‍ॅरेमुळे सौर घटाची कार्यक्षमता कशी वाढेल' या विषयावर तक्ता तयार करीत आहेत. (क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा अतिसूक्ष्म स्फटिक.) 'पुंजबिंदू' हा शब्द कुठेतरी वाचनात आला होता. तो वापरावा का, आणि 'अ‍ॅरे'ला काय म्हणावे?

उत्तर (सांगली):
वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात क्वांटमसाठी 'पुंज' हाच शब्द आहे, त्यामुळे 'पुंजयामिकी' (क्वांटम मेकॅनिक्स) आपल्याला परकी वाटत नाही. परंतु रोजच्या मराठीत पुंज म्हणजे समूह. तारकापुंज म्हणतो, केसांचा पुंजका म्हणतो. 'पुंजबिंदू' वाचताच बिंदूंचा घोळका डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि येथे तर अशा अनेक बिंदूंच्या रचनेबद्दलच बोलायचे असल्याने गोंधळ दुप्पट होतो.

'बिंदू'ला माझा आक्षेप याहून मोठा आहे. भूमितीतल्या बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते. येथे मात्र सारे काही आकारमानावर ठरते. साधारण 2 ते 10 नॅनोमीटरच्या या अर्धवाहक स्फटिकात इलेक्ट्रॉन इतका कोंडला जातो, की स्फटिक जितका लहान तितकी त्याची ऊर्जाफट (इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जाण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचे अंतर) मोठी होते. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे 2 नॅनोमीटरचा स्फटिक निळसर उजळतो, तर तोच 6 नॅनोमीटरचा असला की तांबडा. रसायन तेच, बदलले ते केवळ माप. याच शोधासाठी व निर्मितीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणून लहानमोठा असू शकणारा 'ठिपका' मला योग्य वाटतो: 'क्वांटम ठिपका'.

'अ‍ॅरे'साठी 'रांग' अपुरा आहे, 'व्यूह' युद्धाकडे नेतो, 'मांडणी' घ्यावा. रांगोळीचे ठिपके समान अंतरावर मांडतात, तसेच येथेही अंतर महत्त्वाचे असते. ठिपके पुरेसे जवळ आणि एकसारखे असले, तर त्यांतील इलेक्ट्रॉनांचे तरंग एकमेकांवर येऊन ऊर्जेचा एक सामाईक पट्टा तयार होतो. सिलिकॉनमधून आरपार निघून जाणाऱ्या कमी ऊर्जेच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाला असा पट्टा मधली पायरी ठरू शकतो, आणि एका उडीत न जमणारे अंतर इलेक्ट्रॉन दोन उड्यांत पार करतो. शॉकली आणि क्वायसर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1961 साली मांडलेल्या पद्धतीने एकाच संधीच्या (दोन अर्धवाहक थरांच्या सांध्याच्या) घटासाठी येणारी सुमारे 33 टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याची आशा या पायरीवर आहे. प्रत्यक्षातले घट अजून बरेच मागे आहेत, हेही तक्त्यावर अवश्य लिहावे.

एक विनंती: 'कार्यक्षमता' लिहिताना 'क्षमता' लिहू नये. जत-आटपाडीकडे शेतकरी पंपासाठी दोन प्लेटा वाढवतो तेव्हा क्षमता वाढते. पडलेल्या उन्हापैकी किती हिस्सा विजेत उतरला, ही कार्यक्षमता, ती तेवढीच राहते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
आभारी आहे. वर्गात 'पुंजबिंदू' म्हणताच एका मुलीने फळ्यावर द्राक्षाचा घड काढला होता. 'क्वांटम ठिपक्यांची मांडणी' असेच लिहितो. मात्र 'पुंज' हा शब्द पुढच्या वर्गात भेटणार असल्याने तो खाली लहान अक्षरांत ठेवीत आहोत.