आईला नवीन डबलडेकरमध्ये नेऊ का? (४१५ ने गेलेल्यांनी जरूर वाचा)

सीप्झवालीची_लेक:

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे पण आधी थोडं सांगावं लागेल.

माझी आई पंचवीस वर्षं मुंबईत सीप्झमध्ये (अंधेरीची निर्यात कारखान्यांची वसाहत) कामाला होती, इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत, सर्किट बोर्डावर पार्ट सोल्डर करायचं काम. रोज लोकलने अंधेरी, पूल उतरून आगरकर चौक आणि तिथून बेस्टची ४१५ नंबरची बस. डबलडेकरच. त्यांचा सहा-सात बायकांचा ग्रुप होता, सगळ्या वर बसायच्या, आणि जी आधी पोहोचेल ती पुढच्या काचेजवळची बाकं पिशव्या ठेवून धरायची. भाज्या निवडणं, मुलांच्या शाळेची बोलणी, हळदीकुंकवाची वाणं वाटणं, सगळं त्या वरच्या मजल्यावर. माझ्या बारशाचे पेढेसुद्धा बसमध्ये वाटले होते म्हणे, कंडक्टरला धरून.

१५ सप्टेंबर २०२३ ला, गणपतीच्या चार दिवस आधी, शेवटची जुनी डबलडेकर निघाली ती ह्याच ४१५ वर. फुलांच्या माळा, फुगे, मोबाइल वर करून उभे असलेले लोक, सगळं टीव्हीवर दाखवत होते. आईने थोडा वेळ बघितलं आणि उठून देवाजवळ दिवा लावायला गेली. काही बोलली नाही. मग रात्री जेवताना एकदम म्हणाली, "त्यातली शैला तर आता राहिलीच नाही."

आता ती ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. मी तिला म्हटलं चल, नवीन इलेक्ट्रिक डबलडेकरमध्ये बसू, तर म्हणते, "त्याची खिडकी उघडत नाही ना, मग वर जाऊन करायचं काय?" मला वाटतं तिला न्यावं, पण भीतीही वाटते की उगाच मन दुखेल. कोणी आपल्या आईवडिलांना नेलंय का? चढायला कशी आहे? आणि तुम्हाला त्या जुन्या बसचं नेमकं काय आठवतं तेही लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

वरचा_कंडक्टर_यांचा_मुलगा:

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. माझे वडील कंडक्टर होते, आणि डबलडेकरवर त्यांनी खूप वर्षं काढली. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, ह्या बसवर कंडक्टर दोन असायचे, एक खाली एक वर. वर उभ्याने प्रवास करायला परवानगी नव्हती, त्यामुळे खालच्याने दारात ओरडायचं "वर जागा आहे, वर चला", आणि वरच्याने सीटा भरल्या की जिन्यावरून खाली सांगायचं बस आता. घंटेची दोरी ओढली की ड्रायव्हरला कळायचं, एक टिंग म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. ड्रायव्हर पुढे वेगळ्या केबिनमध्ये, त्याच्याशी बोलायचा प्रश्नच नाही, सगळा व्यवहार त्या घंटेवर.

आता हे लक्षात घ्या की चालत्या बसमध्ये तो अरुंद वळणाचा जिना चढायचा उतरायचा, एका हातात तिकिटांची पत्र्याची पेटी, खांद्याला चामड्याची पैशांची बॅग, आणि पंच. बाबा तो पंच टकटक वाजवत सीटांमधून जायचे, तोंडाने "तिकीट" म्हणायची गरजच नाही, लोक आवाजावर सुटे पैसे काढायचे. घरी आले की आधी पाय गरम पाण्यात. पोटऱ्यांच्या शिरा सुजून निळ्या व्हायच्या. मी लहानपणी त्यांच्या पायाला तेल चोळायचो आणि ते दिवसभराचे किस्से सांगायचे, कोण पास विसरलं, कोणाचं बाळ कोणाच्या मांडीवर झोपलं. एका बाईने कल्याणहून आणलेली अख्खी करवंदांची टोपली वरच्या मजल्यावर सांडली होती, ती सगळ्यांनी वाकून वाकून गोळा केली आणि बाबांनी बस स्टॉपवर दोन मिनिटं जास्त थांबवून धरली.

म्हणून शेवटची बस गेली तेव्हा मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही खरं आहे. लोकांना वाऱ्याची आठवण येते, मला त्या पायांची येते. तुमच्या आईंना विचारा, ४१५ वर बारीक मिशीवाला, कपाळाला बुक्का लावणारा कंडक्टर आठवतो का. बाबा काही काळ त्या रूटवर होते.

गिरगावचा_पोर:

आमची १२३. आर. सी. चर्च ते ताडदेव, सगळी मरीन ड्राइव्हवरून. रविवारी रात्री जेवणं झाली की वडील आम्हा दोघा भावांना घेऊन बसायचे, कुठे जायचं नसायचंच, नुसतं वरच्या पुढच्या सीटवर बसून टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. भरतीच्या वेळी पावसाळ्यात लाट कठड्यावर आपटली की पाण्याचे थेंब वर आमच्या तोंडावर, खारट. गाडीवाल्यांना जे दिसत नव्हतं ते आम्हाला त्या तिकिटात दिसायचं, कठड्यापलीकडचा समुद्र, जिमखान्यांच्या भिंतीआडची मैदानं, इमारतींच्या पहिल्या मजल्यावरचे लोक जेवताना. आमच्यासारख्या दीड खोलीत राहणाऱ्या पोरांना तेवढी उंची दुसरीकडे कुठे मिळणार होती.

आणि गंमत बघा, आर. सी. चर्चच्या जवळच अफगाण चर्च आहे, मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ ला तिथूनच क्रॉफर्ड मार्केटला सुटली होती. डबलडेकर आली १९३७ ला. म्हणजे ८६ वर्षं चालली.

आजोबा ट्रामचं असंच सांगायचे. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली तेव्हा ते रस्त्यात उभे होते. त्यांना शेवटपर्यंत ट्रामचंच प्रेम, डबलडेकरला ते "ती उंच बस" म्हणायचे.

आगार_ते_आगार:

थोडं व्यवहाराचं बोलतो, राग मानू नका. मी बसेसचा अभ्यास छंद म्हणून करतो, जुनी डबलडेकर मलाही जिवापाड आवडायची. पण ती का गेली हे नीट समजून घ्या. गाडीचं आयुष्य १५ वर्षं, त्यानंतर रस्त्यावर ठेवता येत नाही, आणि शेवटच्या लॉटची ती मुदत संपली. त्याच्या कितीतरी आधीपासून संख्या उतरत होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास नऊशे होत्या, शेवटी बोटावर मोजण्याइतक्या. एका गाडीला दोन कंडक्टर, डिझेल जास्त, आणि स्कायवॉक, पूल, खाली आलेल्या फांद्या ह्यामुळे रूट कमी होत गेले. पर्यटकांसाठीची उघड्या छताची निलांबरी पण ५ ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. तीच ती, जिच्यावरून २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेली टीम विमानतळावरून वानखेडेला गेली.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. एके काळी बेस्टचा ताफा चार हजारांच्या वर होता, २०२३ पर्यंत तो तीन हजारांच्या आसपास आला, आणि त्यातल्याही बऱ्याचशा गाड्या कंत्राटदारांच्या, भाडेतत्त्वावरच्या. शेवटच्या बसला हार घालायला एवढे लोक येतात ते मनापासून येतात हे मी बघितलंय, मी पण तिथे होतो आणि रडलो. पण तेवढेच लोक साध्या लाल बसेस कमी झाल्या तेव्हा बोलले असते तर बरं झालं असतं. अंधेरीच्या पोरींना, बायकांना सीप्झला वेळेवर पोहोचवणं हे त्या बसचं काम होतं. ते काम कोण करतंय ते बघा.

आता तुमच्या प्रश्नाचं. नवीन डबलडेकर चढायला जुन्यापेक्षा नक्की सोपी आहे, पायरी खाली, दारं दोन, जिने दोन. सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह) ११५ नंबर, तिकीट २०२५ च्या भाडेवाढीआधी सहा रुपयांपासून होतं. दुपारी अकरा ते तीन ह्या वेळात जा, ऑफिसची गर्दी टाळा. वर जाताना आधी आईंना चढू द्या, तुम्ही मागे राहा, उतरताना तुम्ही पुढे. आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जिन्यावर पाय ठेवू नका, जरा आधी उठायचा मोह होतो, तो टाळायचा. शिवाय आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, जुनी तिकिटं, तिकीट पंच करायची यंत्रं, ट्राम आणि बसची मॉडेलं आहेत. कंडक्टरच्या मुलाने तर वडिलांना घेऊन जायलाच पाहिजे.

कुर्ल्याची_मीना:

मी जास्त लिहीत नाही इथे, पण हे लिहायचंच होतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी वांद्र्याहून कुर्ल्याला यायला ३१० मध्ये बसले, तीन वाजले असतील. बस एका जागी थांबली ती थांबलीच. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावर पाणी आलं, मग सीटांपर्यंत. कंडक्टरने सगळ्यांना वर घेतलं. वर उभं राहायचं नाही ह्या नियमाचा विषय त्या रात्री कोणी काढला नाही. रस्त्यावरून छातीभर पाण्यात चालणाऱ्या लोकांनाही हात देऊन वर ओढलं, दोन शाळेची मुलं होती, एक सात महिन्यांची गरोदर बाई होती, तिला पुढचं अख्खं बाक दिलं आडवं व्हायला. कोणाकडे पार्ले-जीचा पुडा होता तो अर्धा अर्धा वाटला. फोन लागत नव्हते. रात्रभर त्या पोरांना आम्ही भेंड्या लावून जागं ठेवलं आणि मग झोपवलं.

सकाळी उतरलो तेव्हा कोणी कोणाचं नाव विचारलं नाही. मला आजही वाटतं विचारायला हवं होतं. ती गरोदर बाई, तिचं मूल आता कॉलेजात असेल.

ताई, आईंना न्या. खिडकी उघडत नाही तर नाही.

सीप्झवालीची_लेक:

सगळ्यांना आधी धन्यवाद, उशीर झाला लिहायला. मी सगळं तिला वाचून दाखवलं. दादा, बुक्का लावणारे कंडक्टर तिला आठवतात! म्हणाली, ते महिनाअखेरीला कोणाकडे सुटे नसले तर "उद्या द्या ताई" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मागायचे नाहीत, आम्हीच आठवणीने द्यायचो. तुमच्या बाबांना माझ्या आईचा नमस्कार सांगा.

काल नेलं तिला. ११५, दुपारी बाराची. जिना चढताना दोनदा थांबली पण चढली. पुढची सीट रिकामी होती तरी ती लगेच बसली नाही, आधी पिशवी ठेवली शेजारच्या बाकावर. मी म्हटलं आई, बस रिकामी आहे. म्हणाली, राहू दे गं.

काच बंदच होती. एसी थंड लागत होता म्हणून पदर खांद्यावरून घेतला. एनसीपीएला समुद्र दिसला तेव्हा काचेला हात लावून बसली होती. उतरल्यावर विचारते, "ही अंधेरीला सोडतात का गं? सोडली तर सांग, कमलला फोन करू. ती आता मरोळला राहते लेकाकडे, तिचेही गुडघे गेलेत, पण दुपारची असेल तर येईल ती."

मी रात्री कमलमावशीचा नंबर शोधून काढला.