मदत हवी आहे: दादाचा निळा भारतीय पासपोर्ट परत कसा करायचा?

नमस्कार मंडळी, मी ठाण्याला नौपाड्यात राहते. माझ्या दादाने नुकतंच जर्मनीचं नागरिकत्व घेतलं. जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही, म्हणून दोन्ही राहतील अशी त्याची समजूत. पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे: प्रौढ माणसाने स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, वेगळा अर्ज लागत नाही. काल त्याने दोन्ही पासपोर्टचा फोटो पाठवला. निळ्यावर २०२९ पर्यंतची मुदत बघून पोटात गोळाच आला. तो आता वापरायचा नाही, हे त्याला निक्षून सांगितलंय.

आई अंथरुणावर आहे, तिला त्याला लवकर भेटायचंय. सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला) हातात यायला साधारण किती दिवस लागतात? ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड) वाट न बघता व्हिसावर यावं का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.